भरल्या बैठकीतून मी उठलो

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर जीभ रेटली नसती.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नसे, म्हणून गाण्याच्या बैठका दुपारीच व्हायच्या. सांगलीत मी हळदीच्या पेढीवर कारकून होतो, आणि त्यातल्या एका वर्षात जेवढं गाणं ऐकलं तेवढं पुढे जन्मात ऐकलं नाही. सांगली, आष्टा, सातारा — जिथे तंबोरे जुळायचे तिथे मी असायचो. पहिल्या ओळीत. का? गाणं कळत होतं म्हणून? नाही. आमच्या गल्लीतले म्हातारे वकील मोठे जाणकार. मी त्यांच्या शेजारी बसायचो. त्यांची मान हलली की माझी हलायची. ते 'वाहवा' म्हणाले की अर्ध्या श्वासानं मागून मी म्हणायचो. पुढे ते अंथरुणाला खिळले आणि लोकांनी त्यांची जागा मला दिली. मी ती घेतली. एवढंच केलं असतं तर ते हसण्यावारी नेण्यासारखं सोंग ठरलं असतं.

शंकर आष्ट्याजवळच्या खेड्यातला, उसाच्या मळ्यावरचा. भजनात गाऊन गाऊन गळा तयार झालेला. थोरला भाऊ फौजेत होता. बापानं याला बजावलं होतं, "एक वरीस देतो. त्यात काय व्हायचं ते हुंदे. म्हागनं भरतीला उभं ऱ्हायाचं." आणि साताऱ्याच्या एका बुवांनी सांगितलं होतं — वर्षभर नुसतं ऐक, मग माझ्यापुढे गा, पटलं तर घरी ठेवून शिकवीन. म्हणून तो माझ्याबरोबर ऐकायला यायचा. परतीच्या मोटारीत म्हणायचा, "आवं आण्णा, त्यो तबलजी डुलक्या घेत हुता काय? समेवर येतोय का घरला चाललाय, कायच कळंना." मग हसू आवरून, हळूच — "पर गाणं कसं वाटलं तुमास्नी?" मी काहीतरी ठोकून द्यायचो. तो ते खरं मानायचा. माझं सगळंच खरं मानायचा.

आमच्या बैठकांची एक रीत होती. नवा गवई गात असताना मागचा कोणी उठला तर कोणी बघत नसे. पण पुढे बसलेला जाणकार उठला, तर ते नुसतं उठणं नसे — तो निकाल असे. त्याच्यामागून आणखी माणसं उठत.

वर्ष संपताना साताऱ्यात एका व्यापाऱ्याच्या माडीवर शंकर बुवांपुढे गायला बसला. त्यानं भीमपलास धरला. आधी घाबरला होता, आवाज कापत होता. मग सावरला, आणि एका जागी स्वर असा हलके उतरवला की माझ्या हातावर काटा आला. बुवांनी डोळे मिटले. कुणाच्या मानेकडे न बघता मला गाणं कळलं ते वर्षात तेवढं एकदाच. आणि त्या वेळी मनात काय यावं? आता याला माझी गरज नाही. उद्या माणसं याच्यासाठी जमतील — आणि मी? मी हळदीची पोती उतरवून घेत बसणार. शिवाय बुवांकडे राहून याचा कान तयार झाला, की मला पहिल्यांदा ओळखणार तो हाच.

मी उठलो. नकळत नाही — तो माझ्याकडेच बघत होता, माझी दाद शोधत होता, तेव्हा उठलो. शेजाऱ्याला "मोटार चुकेल" असं पुटपुटलो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर सबब असावी. मोटारीला भरपूर अवकाश होता. जिन्याशी चपला शोधत होतो तेव्हा मागे माणसं उठल्याची खसफस ऐकू आली. आवाज चिरला. पुन्हा लागला, पुन्हा चिरला. मग बुवांचा शांत स्वर — "राहू दे आता, बाळ."

स्टँडवर जाऊन मी चहा प्यालो. तेही सांगून टाकतो — चहा गोड लागला.

आठवड्याभरात शंकर भरती झाला.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी आष्ट्याला गेलो होतो. स्टँडवर त्यानंच मला ओळखलं. फौजेतून सुटून आता ऊस करतो. कल्ले पांढरे झालेत. हट्टानं घरी नेलं, ओसरीवर बसवलं. म्हणाला, "आण्णा, तवा तुमी उठला नसता तर मी येडा जलमभर त्यातच गुतलो असतो. त्वांडावर ग्वाड बोलणारी लय भेटली. खरं दावलं ते तुमीच." टोमणा असेल म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता.

तेवढ्यात परड्यात भांडी घासता घासता त्याची मुलगी गुणगुणू लागली. काय गळा होता! कुठून आला होता, हे मला सांगायला नको होतं.

"ए, गप गं!" शंकर ओरडला. "आपल्या घरात गळा न्हाई. ह्यांनीच सांगितलंय ते. साधासुधा माणूस न्हाई ह्यो, सातारा-सांगलीत नाव हाय."

ती ओले हात परकराला पुसत पुढे आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय?"

शंकर हसत होता. घाई कसलीच नव्हती. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं.

मी म्हणालो, "हो. खरं आहे."

ती मागे वळली. मग परड्यातून नुसता भांड्यांचाच आवाज येत राहिला.