सुपारीचं वजन

चुडीवाली खाला कुणालाही बांगडीचं माप विचारत नसे. हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा उंचवटा दोनदा दाबायची आणि मागच्या फळीवरून नेमका तोच डबा काढायची. सेनगावच्या बसस्टँडजवळ तिचं दुकान होतं, दोन बायका कशाबशा टेकतील एवढं. पहिल्यांदा आईबरोबर गेले तेव्हा मी हात आकसूनच धरला होता. "सैल सोड बेटा," ती म्हणाली. "मी काय हात कापून नेऊन राहिले व्हय?" आई हसली. मला हसू आलं नाही, पण बांगड्या कधी चढल्या तेही कळलं नाही.

घाई तिला खपत नसे. लग्नघरची एखादी बाई "आटपा खाला, जीप उभी आहे" म्हणाली की ती धरलेला हात सोडून द्यायची. "जा मग जीपमधी. नवरीच्या हाताला काच लागली की शिव्या मलाच देशीन." मग बाई परत हात पुढे करायची आणि जीप थांबायची. बांगडी चढवताना फुटलीच तर चूक गिऱ्हाइकाची नाही, आपल्या हाताची, असं ती मानायची. अशा वेळी ती एकेक काच वेचून काढायची.

अशी बाई घाबरलेली मी एकदाच पाहिली. ती सुपारीमुळे.

सुपारी म्हणजे दुकानातलं किडमिडीत मांजर. तिची आईही तशीच होती. पोटातलं दुसरं पिल्लू अडकलं आणि ती फळीखालीच दगावली. खालानं तासन्‌तास तिच्या पोटावरून हात फिरवला, पण उपयोग झाला नाही. वाचलेल्या एका पिल्लाला तिनं ड्रॉपरनं शेळीचं दूध पाजून, बांगड्यांच्या खोक्यात गवतावर वाढवलं. सात महिन्यांची झाली तरी सुपारी चार महिन्यांची वाटायची. आणि समोरच्या रसवंतीच्या छपरावर एक भुरा बोका येऊन बसायला लागला.

"हिला पिल्लं राहिली तर हीबी आईसारखीच जाईन," खाला म्हणाली. "तू इंग्रजी शाळेतली. बघ बरं मोबाईलमधी काय म्हणतात."

मी बघितलं. कुणी म्हणत होतं दोन किलो झाल्याशिवाय पिल्लं बंद करायचं ऑपरेशन नको, कुणी म्हणत होतं तब्येत चांगली असेल तर त्याहून कमीही चालतं. मी दोन्ही वाचून दाखवलं.

"म्हंजे तुझ्या मोबाईललाबी माहीत न्हाई," ती म्हणाली.

हिंगोलीचे एक डॉक्टर मांजरांची ऑपरेशनं करत. फोनवर बोलायचं मला जिवावर येतं, म्हणून मी त्यांना मेसेज पाठवला. उत्तर आलं, 'दोन किलो भरली की आणा. त्याआधी भूल देणं जोखमीचं.' तेव्हापासून दर जुम्याला खाला शेजारच्या किराणा दुकानातला काटा मागून आणायची. दीड किलो, पुढच्या वेळी थोडं जास्त, त्याच्या पुढच्या वेळी तेवढंच. बोका आता छपरावरून उतरून दुकानाच्या पायरीवर बसायचा. खाला त्याला पाणी मारायची आणि दार लावून घ्यायची. दार लावलेल्या दुकानात गिऱ्हाईक कशाला येईल?

एका शुक्रवारी मी गेले तर ती सुपारीला उकडलेली कलेजी भरवत होती, दुसऱ्यांदा. मग तिला दुपट्यात गुंडाळून काट्यावर ठेवलं. बरोबर दोन किलो. दुपट्याचं वजन वजा करायचं असतं, पोटातलं अन्न हे मांजराचं वजन नसतं, हे मला माहीत होतं. खालानं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल काढला आणि डॉक्टरांना कळवलं, 'दोन किलो झाली.'

ठरल्या दिवशी आम्ही उपाशी सुपारीला पिशवीत घालून जीपनं हिंगोलीला गेलो. डॉक्टरांच्या काट्यावर आकडा आला पावणेदोन.

"तुम्ही दोन म्हणाला होतात," डॉक्टर म्हणाले. "करू शकतो मी. पण इतक्या लहान जिवाला भूल जड गेली तर माझ्या हातात काही नाही. सांगा, करायचं?"

त्यांनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन उचललं. खालानं सुपारीच्या पाठीवर हात ठेवला, कमरेजवळची हाडं चाचपली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

"न्हाई," ती म्हणाली. "ही तयार न्हाई. खोटं वजन मी भरलं डाक्टरसाब. भेव वाटून राहिलं होतं मला, म्हणून."

"मलाही माहीत होतं," मी म्हणाले. डॉक्टरांपुढे मी काढलेले ते पहिले शब्द.

आम्ही परत आलो. त्यानंतर खाला सुपारीच्या कमरेला सैल पट्टा बांधून तिला आपल्या पायाशी ठेवायची आणि अर्ध्या उघड्या दारातून बांगड्या विकायची. सुपारी दोनदा माजावर आली आणि आठवडाभर ओरडत राहिली. बोका बाहेरून उत्तर द्यायचा. "चूप रे हरामखोरा, तुझं लगीन न्हाई हितं," खाला त्याला म्हणायची.

पावसाळा सरता सरता तिच्या मुलानं तिला नांदेडला नेलं. गुडघे गेले होते तिचे. दुकान आवरताना तिनं सुपारी माझ्या मांडीवर ठेवली. मी विचारलं, "कधी नेऊ हिला हिंगोलीला?"

"मला काहून विचारतीस? तुला हात न्हाईत का?"

मी रोज हात फिरवत राहिले. हळूहळू कमरेची हाडं बोटांना लागेनाशी झाली. काटा मात्र एक किलो नऊशेवर थांबला, तो तीन आठवडे हललाच नाही. तेव्हा मी तिला एकटीच हिंगोलीला घेऊन गेले.

"अजून दोन नाही," डॉक्टर म्हणाले.

"होणारही नाही," मी म्हणाले. "तीन आठवडे वजन तेवढंच आहे, पण अंग भरलंय. हात लावून बघा. ही एवढीच राहणार आहे."

त्यांनी हात लावून पाहिला आणि तिला आत नेलं.

तासाभरानं सुपारीला टॉवेलवर आणून ठेवलं. पोटाला पट्टी, जीभ बाहेर, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. मी खालाला फोन लावला.

"हालली का?"

"अजून नाही."

"मग फोन ठेवू नको."

मी ठेवला नाही. नांदेडच्या त्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी मोठ्यानं पाढे म्हणत होतं, खालाचा श्वास ऐकू येत होता. माझा हात सुपारीच्या बरगड्यांवर होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तिचा उजवा कान थरथरला, आणि पुढचा पाय टॉवेल ओढायला लागला.

"खाला, पाय हलवला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता बोल," ती म्हणाली. "काट्यावर ठेवली तिथपासून सगळं सांग. काई सोडू नको."

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि सांगायला लागले.