गवताची ऊब

मेहेंदळे साहेबांनी माझी वळकटी एका हाताने उचलली, वजनाचा अंदाज घेतला आणि परत जमिनीवर सोडली.

"काय काय आहे यात?"

"सतरंजी, दोन घोंगड्या, एक चादर."

"एक घोंगडी न्या. बाकीचं इथेच राहू द्या."

"साहेब, पौष चालू आहे. वर डोंगरात थंडी असते."

"अहो, मी इथे पालघरात खिडक्या उघड्या टाकून झोपतो. तुम्ही काय हिमालयात निघालात?"

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला समुद्राकाठी वीज केंद्र उभं राहत होतं. तिथून निघणाऱ्या तारा डोंगर ओलांडून पूर्वेला न्यायच्या होत्या. तारांचे मनोरे कुठे उभे राहतील, ती रेघ जमिनीवर आखायचं काम एका लहानशा खाजगी कंपनीकडे आलं होतं. मी तिथे सर्व्हेअर होतो. बोईसरच्या पुढे काही मैल बैलगाडी जायची. तिथून सगळं सामान डोक्यावर. साहेबांनी खर्च वाचवायला बिगारी निम्मे केले, म्हणून ओझंही निम्मं करणं आलं. तंबू गेला. सतरंज्या गेल्या. थिओडोलाईट मात्र थाटात निघालं. थिओडोलाईट म्हणजे तिपाईवर बसवायची, कोन मोजायची दुर्बीण. तिची शिसवी पेटी, पेटीभोवती जाड लोकरी रग आणि त्यावर मेणकापड. मी त्या रगाकडे बघून काहीतरी तिरकस बोललो. साहेबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

माझ्याबरोबर काशिनाथ तामोरे नावाचा चेनमन होता. मोजणीची लोखंडी साखळी ओढत पुढे चालतो तो चेनमन. काशिनाथ किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. भावाच्या बोटीवर जाळं ओढताना छाती भरायला लागली, म्हणून समुद्र सोडून कंपनीत लागला. अजून रोजंदारीवरच होता. हा सीझन खंड न पडता पार पाडला की तो कायम होणार होता. मध्येच घरी पाठवलं तर आधीची सगळी नोकरी पाण्यात. त्यामुळे दम्याचा त्याने साहेबांना पत्ता लागू दिला नव्हता. गोळ्या पानाच्या चंचीत, सुपारीच्या खाली ठेवायचा. मला माहीत होतं. माणूस कामाला चोख होता, साखळी कधी ढिली धरली नाही. मला तेवढं पुरे होतं.

पहिला मुक्काम डोंगराच्या माथ्यावर पडला. दिवसा अंगातून घाम निथळत होता. सूर्य गेला आणि तासाभरात दात वाजायला लागले.

उघड्यावर झोपणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच रात्री कळते. माणूस पांघरुणाचा विचार करतो, पण थंडी खालून येते. जमीन अंगातली ऊब शोषत राहते, वर कितीही ओढून घ्या. मी आधी घाटावर कँप केले होते, मला हे ठाऊक होतं. म्हणून बिगाऱ्यांना सागाची वाळकी पानं गोळा करायला लावली आणि तांदळाची गोणी रिकामी करून त्यात भरली. वर्तमानपत्राचे कागद सदऱ्याच्या आत छातीला लावले. शेकोटीत दगड तापवले आणि फडक्यात गुंडाळून पायाशी घेतले. याने मध्यरात्र निघाली. नंतर दगड निवले, पानांचा भुगा झाला आणि दव पडायला लागलं.

शेकोटीजवळ सरकावं, तर काशिनाथला धूर सोसेना. तो उठून वाऱ्याच्या तोंडाला जाऊन बसला.

"अरे, तिथे गारठशील," मी म्हणालो.

"तुमी झोपा सायेब. आमाला रातच्या वाऱ्याची सवय हाय."

सवय कसली! सकाळी त्याचे ओठ जांभळे होते आणि वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. तरी साखळी उचलून चालायला लागला. असे आणखी काही मुक्काम झाले. दर सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा थोडा वाकलेला दिसे. मी खाली निरोप धाडला, की सतरंज्या आणि घोंगड्या पाठवा. बिगारी तांदूळ आणि मीठ घेऊन परत आला. घोंगड्यांचं साहेब काय म्हणाले, असं विचारलं, तर म्हणाला, "हसले."

मग रेघ डोंगर उतरून पलीकडे गेली आणि पायथ्याशी गवताची वखार लागली. पावसाळ्यानंतर त्या बाजूच्या माळांवरचं गवत कापून, वाळवून, दाबून त्याच्या गासड्या बांधतात आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवतात. वखार म्हणजे नुसतं छप्पर आणि खाली गवताचा डोंगर. राखणदार म्हातारा होता. त्याने आम्हाला न्याहाळलं आणि म्हणाला, "झोपा की खुशाल. पन विडीबी नाय पेटवायची हितं. विस्तव दिसला, तर मी तुमाला भायेर काढीन."

आम्ही सुटं गवत हातभर जाड पसरलं, त्यात शिरलो आणि वरून पुन्हा गवत ओढून घेतलं. काय सांगू! अंगाखालची जमीन नाहीशी झाली. पाय गरम झाले, मग गुडघे, मग पाठ. बिगारी एकमेकांना चिमटे काढून हसत होते. माझ्या मनात आलं, जिंकलो. इथून रोज जाऊन येऊन काम करायचं. पुढचं सगळं काम या वखारीच्या टप्प्यात होतं. काशिनाथचा सीझन निघाला.

तेवढ्यात तो खोकायला लागला.

गवताची धूळ. मला हे आधी सुचायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण थंडीने अर्धमेला झालेल्या माणसाला गवत दिसलं की त्यातली धूळ दिसत नाही. काशिनाथ धडपडत बाहेर आला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभा राहिला. श्वास आत जाताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. मी त्याची पाठ चोळत होतो. गोळी दिली. बऱ्याच वेळाने तो बोलला.

"गवत लय झ्याक हाय सायेब. फक्त माझ्यासाठी नाय."

मला रडू येईल असं वाटलं. धूर त्याला चालत नव्हता, गवत चालत नव्हतं, आणि थंडी तर जीवच घेत होती. जे जे ऊब देईल ते ते त्याच्या छातीच्या मुळावर. आम्ही आत गवतात बिळात शिरल्यासारखे पडायचो आणि हा बाहेर आंब्याच्या बुंध्याला टेकून बसायचा. झोपायचं तर आडवं व्हावं लागतं, आणि आडवा झाला की त्याला श्वास मिळत नसे.

मी थिओडोलाईटच्या पेटीवरचा रग सोडला आणि त्याच्याभोवती गुंडाळला. पेटीला माझं धोतर बांधलं.

"सायेब, हा यंत्राचा हाय."

"यंत्राला दमा नाही."

त्या रगात तो बसल्या बसल्या झोपला. दोन-तीन रात्री बऱ्या गेल्या. रंग परत आला. एकदा तर त्याने बिगाऱ्यांना दांडीच्या बोटींच्या शर्यतीची गोष्टही सांगितली, मधे मधे थांबत, पण सांगितली.

मग एका सकाळी मेहेंदळे साहेब पाहणीला आले. आगाऊ कळवलं नव्हतं. त्यांना पहिलं काय दिसावं? धोतर नेसलेली पेटी आणि रग पांघरलेला चेनमन.

"कानिटकर, हे काय आहे?"

"त्याला थंडी वाजत होती, साहेब."

"या यंत्राची किंमत माहीत आहे तुम्हाला?"

"आहे. म्हणून तर त्याला धोतर दिलं."

ते मला टाकून काशिनाथकडे वळले. त्याने उठून नमस्कार केला. सकाळची वेळ, त्याचा सर्वांत वाईट प्रहर. तोंड मिटून श्वास घ्यायचा त्याने खूप प्रयत्न केला. शिट्टी लपली नाही.

"हा दमेकरी आहे?"

बिगारी गवताकडे बघायला लागले.

"याला आजच घरी पाठवा. इथे रानात मेला तर जबाब मी द्यायचा."

"साहेब, सीझन संपत आलाय. कायम होईल तो. पुढचा तुकडा सपाटीचा आहे. हवं तर त्याची साखळी मी ओढतो."

"आणि दुर्बिणीला डोळा कोण लावणार? तुमचं धोतर?"

खरं सांगतो, ते दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. त्या माणसाने असं उघड्यावर राहू नये, हे मलाही दिसत होतं. पण सतरंज्या वाचवून त्याला या दशेला आणलं कोणी? हे मी तोंडावर विचारलं. ते पेटीवरचं धोतर सोडायला लागले. काशिनाथने रग झटकला, घडी घातली आणि पेटीवर ठेवला. बिगाऱ्याबरोबर तो बोईसरच्या वाटेने निघाला. दर थोड्या अंतरावर थांबत होता. वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो आणि त्या दिवशी एकही कोन धड वाचता आला नाही. पुन्हा वेळ आली असती तरी तो रग मी पेटीवरून काढलाच असता.

रेघ पुरी झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ते खुशीत होते, म्हणून मी काशिनाथचा विषय काढला. बराच घोळ घातल्यावर म्हणाले, "बोईसरच्या सपाटीवर घ्या त्याला. रोज घरी जाऊन झोपेल. पण नव्याने. मागचं काही धरायचं नाही."

मी दांडीला गेलो. बोटी नुकत्याच लागल्या होत्या. काशिनाथ भावाच्या बोटीजवळ वाळूवर बसला होता, कमरेपर्यंत भिजलेला, कापत. जाळं ओढवत नाही म्हणून रात्रभर बोटीत शिरलेलं पाणी उपसायचं काम त्याच्याकडे होतं. त्याबद्दल अर्धा वाटा. मी नोकरीचं सांगितलं.

"मागचा धरनार?"

"नाही. पहिल्यापासून सुरू."

त्याने समुद्राकडे बघत श्वास जमवला.

"मंग नको, सायेब. हितं दम लागला तर भाऊ बाजूला बसवतो. घरी नाय धाडत."

त्याच्या बायकोने चहा दिला, तो मी घेतला आणि निघालो.

पुढे दुसऱ्या नोकरीत कँपचं सामान ठरवायचं काम माझ्याकडे आलं. वजन कमी करा म्हणून वरून हुकूम यायचेच. मी हुकूम काढणाऱ्याला एक रात्र आमच्याबरोबर मुक्कामाला यायचं निमंत्रण द्यायचो. कोणी आलं नाही, पण सतरंज्या यायला लागल्या.