करवंदीची जाळी आणि एक लिटर पाणी

पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात गोदामातला माल मोजणं हे माझं काम. त्यामुळे वर्षात दुसऱ्यांदा बायकोला लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा मी घरातही मोजमाप सुरू केलं.

पौडच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं. ती रक्त गाळतात. तिथून दोन नळ्यांनी लघवी मूत्राशयात उतरते. पुढचा मार्ग पुरुषाचा वीतभर, बाईचा जेमतेम दीड इंच. म्हणून बाहेरचे जंतू बाईला लवकर गाठतात. "भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही. तिच्याबरोबर जंतू धुऊन जातात," बाई म्हणाल्या. यातलं पाणी तेवढं माझ्या डोक्यात राहिलं, कारण ते मोजता येत होतं.

आमचं भाताचं शेत कासार आंबोलीला आहे. लावणीला बायको आणि दोन मजूर बायका असतात. मी एक लिटरच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून दहा, बारा, दोन आणि चार वाजताच्या रेघा मारल्या. बाटली रोज रिकामी घरी यायची. मी समाधानी होतो.

पंधराव्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. उजवी बाजू पाठीतून इतकी दुखत होती की तिला सरळ उभं राहवेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या वेळी जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेत. असं वरचेवर झालं तर मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते." मी बाटलीचा हिशोब सांगितला. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तिला विचारलं, "शेतावर असताना दिवसात किती वेळा लघवीला जाता?"

"एकदा बी न्हाई."

"आणि पाणी?"

"खाचरात वतते. भाताला पाजते म्हना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांनी जाळी इकली, तवा इचारलं का आमाला? कुटं जायाचं आता?"

ओढ्याकडेच्या तीन गुंठ्यांत करवंदीची दाट जाळी होती. विकताना मी कागदावर लिहिलं होतं: पडीक, उत्पन्न शून्य. आता तिथं शनिवार-रविवारचा बंगला आहे, आणि त्याच्या भिंतीवरचा कॅमेरा आमच्या बांधाकडे बघतो. त्या जाळीआड तीन बायका वर्षानुवर्षं जात होत्या, हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी ते मोजलं नव्हतं.

सलाईनमधून औषध, मग घरी गोळ्या. बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायच्या, असं बाईंनी दोनदा बजावलं. तेवढ्या दिवसांत मी शेतावर संडास बांधायला काढला. चार फूट बाय चार फूट, रस्त्यालगत, म्हणजे विटांचा टेम्पो थेट आत येईल. आखणी केली, चुना टाकला.

मजूर बायकांपैकी थोरली बांधावरून बघत होती. "भावजी, दार रस्त्याकडं?"

"हो. का?"

"तिकीट लावायचं आसंल."

दुसरी पदर तोंडाला लावून हसली. मी चुना पुसला आणि म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी जागा दाखवली ती आंब्यामागची, दार डोंगराकडे. विटा आम्ही डोक्यावरून नेल्या. बायकोला अजून वजन उचलायचं नव्हतं. ती सावलीत बसून सांगत होती, "कडी आतून घाला, मोठी. आन् बादलीला जागा ठेवा."

संडास उभा राहिला. औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासली. जंतूंची वाढ नाही, असं रिपोर्टात आलं. मी तो दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "कळलं."

दुसऱ्या दिवशी ती शेतावर निघाली. मी बाटलीवरची चिकटपट्टी नखानं खरवडत होतो.

"ऱ्हाऊ द्या ती," ती म्हणाली. "दोन लिटरची आना. ही बारापातूरच सपंल."