घासून लख्ख केलेले एकेचाळीस मग

मामांनी आयुष्यात दोन गोष्टी मनापासून केल्या: भांडी घासणं आणि तोंड बंद ठेवणं. लष्कराच्या चाचणी-मैदानावर मेसची भांडी घासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, म्हणून तिथे काय शिजलं हेही त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. "शत्रूचा डोळा यांच्या बटाट्यांवर होता," असं बायको चारचौघांत म्हणायची, आणि मामा नुसते हसायचे.

मैदान बंद झाल्यावर बारा वर्षांनी तिथला कचऱ्याचा खड्डा उकरायला पुरातत्त्वाच्या बाई आल्या. बाँब कसे फोडले ते फायलींत होतं. फोडणारी माणसं कशी राहत, काय खात, हे कुठेच नव्हतं. सापडलेल्या वस्तू धुवायला त्यांनी मामांना ठेवलं. घरी खुर्चीत बसून आंबलेला माणूस पुन्हा डबा घेऊन, शीळ घालत निघू लागला.

एक दिवस बाई कामासाठी बाहेर गेल्या असताना खड्ड्यातून इनॅमलचे एकेचाळीस मग निघाले. फक्त वरची माती काढायची, असा बाईंचा नियम होता. पण आतला काळा थर बघून मामांचे हात शिवशिवले. आपल्या मेसचे मग असे लोकांसमोर जाणार म्हणजे अब्रूचाच प्रश्न. त्यांनी तारेच्या घासणीने एकूण एक मग लख्ख केला आणि टेबलावर ओळीने पालथा घातला.

बाई परतल्या आणि एकेक मग सुलटा करून आत बघू लागल्या. "मामा, हे लोक काय प्यायचे ते त्या थरावरूनच कळलं असतं."

मामांच्या मनात आलं: आता काम जाणार, पुन्हा तीच खुर्ची. त्यांनी जवळचा एक मग हातात घेतला.

"कॉफी," ते हळूच म्हणाले. "बिनसाखरेची. साखरेची गाडी कधी वेळेवर यायचीच नाही. पण बाई, मी सही केलीय. हे सांगायची मनाई आहे."

"ती मनाई दहा वर्षांपूर्वीच उठली. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

मला कोण कळवणार, असं मामा म्हणाले, आणि मग त्यांची गाडी जी सुटली ती थांबेना. हा चहाटळ ड्रायव्हरचा, यात साहेब दाढीचा ब्रश बुडवायचे. बाईंचा पेन मागे पडू लागला. शेवटच्या मगाचा कान तारेने बांधलेला होता.

"आणि हा?"

"हा माझा."

बाईंनी चिठ्ठी लिहून मगाला अडकवली आणि मोठ्याने वाचली: "मेसमध्ये भांडी घासणाऱ्या मामांचा मग." वर म्हणाल्या, "उद्या येताना घासणी घरी ठेवा, एवढं मात्र लिहीत नाही, तोंडी सांगते."

मामांना फार बरं वाटलं. "चिठ्ठीवरचं तेवढं परत वाचा," ते म्हणाले.