पायरी उतरून पाहिली

“मंग काढून घेऊन जा तुमची लाइन! नाही पायजे आमाले!”

थोरला भाऊ फोनवर असा गरजला की दिग्रसच्या स्टँडवर उभी असलेली पुसदची एसटी ड्रायव्हरविना हातभर मागे सरकली. मी या डोळ्यांनी पाहिलं.

पलीकडे मुंबईच्या शेअर बाजारातली कुणी बाई होती. आम्हा दोघा भावांची पेढी लहान, पण बाजाराची थेट मेंबर. आमच्या कॉम्प्युटरवरचे सौदे बाजारानं जोडून दिलेल्या याच लाइनवरून जात, म्हणून तर दारावर आमची स्वतःची पाटी. त्या लाइनचं भाडं बाजारानं पुन्हा वाढवलं होतं. बड्या कंपन्यांची सौदे टाकणारी यंत्रं बाजाराच्याच घरात, जावयासारखी गादीवर लोळतात. आमचा सौदा तिथे पोचेपर्यंत त्यांची पंगत उठून पत्रावळी गुरांनी खाल्लेल्या असतात. वरून सौदा होवो न होवो, भाडं वाढवायचं! आमच्या तांड्यातल्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ लादून अख्खा मुलूख तुडवला. पण उभ्या बैलाची जकात कोण्या हरामखोरानंही मागितली नव्हती.

भाऊ पेटला होता हे खरंच. पण त्यातला अर्धा राग सौद्याचा होता. आमच्या कापसाच्या बाजारात भाव पटला नाही की माणूस उठतो, धोतर झटकतो, दुकानाच्या पायऱ्या उतरू लागतो. शेवटच्या पायरीवर हाक येतेच, “बसा ना शेठ, कायले तापता!”

“आता पाय, येते फोन,” म्हणून त्यानं चहा सांगितला.

“अन् नाही आला त?”

“काहून नाही येईन बे? आपुन उठलो ना!”

फोन आला नाही. मेल आला. लाइन बंद करण्याची आमची विनंती मान्य झाली होती. विनंती म्हणे! त्या दिवशी मी दिलेल्या शिव्यांनी ढाणकीपर्यंतची पिकं करपली असतील.

चौथ्या दिवशी यवतमाळहून एक माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. भाऊ त्याच्यासमोर हात पसरून उभा राहिला. “अरे बापू, थे तसं म्हनाचं असते. बोलनी चालू होती आमची. लाइन गेली त पाटी उतरते ना! दुसऱ्याच्या हाताखाली दलाली करू का या वयात?”

“ज्याले मागून हाक माराची रीत नाही,” मीही ओरडलो, “त्यानं सोताले बाजार कायले म्हनावं?”

त्यानं भिंतीवरच्या लाइनच्या डब्याचा शेवटचा स्क्रू काढून खिशात टाकला, वायर गुंडाळली.

“मले फक्त डबा न्याचा हाये.”