दोघांच्या गळ्यातली गाठ

महानंदाच्या गळ्यातली गाठ पहिल्यांदा कासारणीला दिसली, बांगड्या भरताना. शेत विकून सिरसाळ्यात किराणा दुकान टाकल्याला सहा वर्षं झाली होती आणि गल्ल्यावर बसून बसून तिचं अंग सुटलं होतं. नवरा बसप्पा तिला अंबाजोगाईला घेऊन गेला. तपासण्या झाल्या, गाठ थायरॉइडची, पण साधी निघाली.

"पण साखर वाढलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन, साखर वाढलेल्यांत अशा गाठी जास्त दिसतात." मग बसप्पाच्या पोटाकडं बघून त्यांनी त्याचाही गळा चाचपला. तिथंही बारीक गाठ लागली.

"आवो बाई, हा बायकांचा आजार न्हाई का?" बसप्पा गांगरला.

"बायकांत जास्त, पण पुरुषांनाही होतो. तुमचीही तपासणी करू. आणि दोघंही रोज चाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले, आणि पाय आपसूक जुन्या शेताच्या वाटेला लागले. तिथं आता दुसऱ्याची ज्वारी उभी होती, पोटऱ्यात आलेली, कणसं बाहेर पडायच्या बेतात. महानंदानं बांधावरूनच एक पान हातात धरलं.

"आवो, औंदा लई चांगली आलीय."

पान सोडवेना तिला.

"उद्या बी इकडंच येऊ," बसप्पा म्हणाला.