शेवटचे प्रकरण

महायुद्ध संपले त्या हिवाळ्यात अकोल्याच्या वाचनालयातून एका माणसाने नेलेली प्रत्येक कादंबरी शेवटचे प्रकरण न वाचता परत केली. पुस्तके मी देत असे. त्याचा उजवा हात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रात गेला होता. घरी कोणी नव्हते. तो एकट्या, जखमी माणसाचीच गोष्ट मागून घेई.

"शेवट कावून सोडता?" मी एकदा विचारले.

"शेवटी त्याले कोनी ना कोनी भेटतेच, साहेब. घरी जाऊन दार मलेच उघडा लागते."

तो वाचनालयाच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचत असे. शेजारी पेरू विकणारी बाई ऐकत असे. वाऱ्याने पान उलटू नये म्हणून ती तराजूचे पावशेराचे वजन पुस्तकावर ठेवी. एका संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायला घेतले.

"मंग? त्या मानसाचं काय झालं?" तिने विचारले.

"मले नाई मालूम."

"इतके दिवस आयकवलं, अन् आता नाई मालूम? माहे पेरू वाळून राहिले इथं. वाच न बाप्पा!"

मी कुलूप लावून निघालो तेव्हा दोघे पायरीवरच होते. वजन शेवटच्या प्रकरणावर ठेवलेले होते.